खवडे धुणारे हात

१६४९ साली दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरात प्लेग शिरला आणि जवळपास निम्मं शहर ओस पडलं. तिथल्या सांता कारिदाद या धर्मबंधूंच्या मंडळाचं मूळ काम म्हणजे बेवारस मृतांना, फाशी गेलेल्यांना माती देणं. १६६३ साली मिगेल दे मान्यारा हा श्रीमंत विधुर मंडळाचा प्रमुख झाला. मेलेल्यांइतकीच जिवंतांचीही काळजी घ्यायला हवी, असा त्याचा आग्रह. त्यातून निराधार रोग्यांसाठी रुग्णालय उभं राहिलं.

चित्रकार बार्तोलोमे मुरियो १६६५ साली या मंडळाचा सभासद झाला. रुग्णालयाच्या चर्चसाठी त्याने काढलेल्या चित्रांत एक आहे हंगेरीच्या संत एलिझाबेथचं.

ही तेराव्या शतकातली राजकन्या. चित्रात तिच्या डोक्यावर मुकुट आहे आणि समोर चांदीच्या तस्तावर वाकलेला एक मुलगा. त्याच्या डोक्यात खवडे झाले आहेत आणि ती ते स्वतःच्या हातांनी धुते आहे. शेजारचा दुसरा पोरगा तोंड वेडंवाकडं करून डोकं खाजवतो आहे. पुढे एक माणूस पायाची पट्टी सोडत बसला आहे. दासीच्या हातातल्या तबकात औषधाच्या बाटल्या आहेत. मुरियो म्हणजे गोडगोड मेरीमाता रंगवणारा, असं म्हणणाऱ्यांनी हे चित्र जरूर पाहावं. इथे त्याने जखम झाकलेली नाही आणि रोग्यांची लाजही काढलेली नाही. करुणा म्हणजे हाताने करायचं काम, हे इतक्या थेटपणे सांगणारी धार्मिक चित्रं फार थोडी.

दुसऱ्या चित्रात रात्रीच्या काळोखात सान हुआन दे दिओस रोग्याला पाठीवर घेऊन निघाला आहे. ग्रानादात रुग्णालय काढणारा हा सोळाव्या शतकातला संत ओझ्याने खाली बसू लागला आहे. देवदूत त्याला हात देतो आहे. रोग्यांची काळजी घेणाऱ्या मंडळाच्या सभासदांना हे चित्र परकं वाटलं नसणार.

नेपोलियनच्या फौजा सेव्हिलमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या मार्शल सूल्तने या चर्चमधली चित्रं उचलली. एलिझाबेथ पॅरिस आणि माद्रिद फिरून १९३९ साली सेव्हिलला परतली. चार चित्रं मात्र परदेशातच राहिली. पांगळ्याला बरं करणारा ख्रिस्त आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उरलेली तीन वॉशिंग्टन, ओटावा आणि सेंट पीटर्सबर्गला. त्या चार चित्रांच्या जागी चर्चमध्ये आता नकला लावल्या आहेत.

मंडळाचं काम थांबलेलं नाही. त्याच इमारतीत आजही गरीब वृद्धांची देखभाल होते.