राष्ट्रांची मते आणि जगाचा निर्णय



अनेक राष्ट्रे एकत्र बसून निर्णय घेऊ लागली म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो मतमोजणीचा. मत राष्ट्राला द्यावयाचे की त्याच्या सामर्थ्याला? आंतरराष्ट्रीय संघटनांची सारी रचना या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

१९२० साली कार्यारंभ करणाऱ्या राष्ट्रसंघाने एकमताचा नियम स्वीकारला. सार्वभौम राष्ट्रावर त्याच्या इच्छेविरुद्ध निर्णय लादला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर आक्रमण केले आणि सैन्य मागे घेण्याची मुदत घालणारा ठराव परिषदेपुढे आला. बाजूने १३ मते पडली. विरुद्ध एकच, ते जपानचे. त्या एका मताने ठराव निष्फळ झाला.

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद संमत झाली, तेव्हा एकमताचा नियम गेला. पण पूर्णपणे नव्हे. आमसभेत प्रत्येक राष्ट्रास एक मत मिळाले. आज १९३ सदस्यांत भारताचे मत एक आणि सुमारे ११ हजार वस्तीच्या तुवालूचेही एकच. मात्र आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारशीच असतात. सुरक्षा परिषदेचे निर्णय बंधनकारक. तेथे १५ पैकी ९ मते अनुकूल लागतात आणि, कार्यपद्धतीचे प्रश्न वगळता, पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हॅट प्रभृतींनी या नकाराधिकारास कडवा विरोध केला; परंतु त्यावाचून सनदच होणार नाही, असे महासत्तांनी बजावले.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मताचे वजन मुख्यतः आर्थिक वाट्यानुसार ठरते. मोठ्या निर्णयांस ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक असल्याने ती एकटी ते रोखू शकते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनविषयीचा ठराव रशियाच्या नकाराने परिषदेत अडला. १९५० च्या ठरावाने खुल्या झालेल्या मार्गाने प्रश्न आमसभेकडे गेला. तेथे १४१ राष्ट्रांनी आक्रमणाचा निषेध केला. युद्ध थांबले नाही, परंतु जगाचे मत नोंदले गेले.

सनदेत दुरुस्ती करावयाची तर पाचही कायम सदस्यांची मान्यता हवी. म्हणून सुधारणा अशक्यच, असे मात्र नव्हे. १९६३ मध्ये सुरक्षा परिषद ११ वरून १५ सदस्यांची करण्याचा ठराव आमसभेने ९७ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. फ्रान्स व सोव्हिएत संघ विरोधात, ब्रिटन व अमेरिका तटस्थ होते. तरीही १९६५ पर्यंत पाचही राष्ट्रांनी त्यास मान्यता दिली. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांच्या संख्येपुढे आणि एकजुटीपुढे सामर्थ्यालाही मान तुकवावी लागली, हे विसरता कामा नये.