दुपारी तीनला येते

घरोघर जाऊन क्रीम आणि फेसवॉश विकणाऱ्या बाईच्या डायरीची दखल भारताच्या राजपत्राने घेतली असेल, असं सहसा कुणाला वाटत नाही. पण घेतलेली आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम जाहीर केले. विक्रेत्याने काय करू नये, हे त्यात सांगितलं आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, ही त्यातलीच एक मनाई. कंपनी ओरिफ्लेम असो, अ‍ॅम्वे असो नाहीतर दुसरी कुठली. दारात उभं राहण्याआधी वेळ ठरवणं ही आता विक्रेतीच्या मर्जीची बाब राहिलेली नाही.

नियम दिल्लीत झाला, पाळायचा मात्र महाड-पोलादपुरात. इथल्या घरांची दारं दिवसभर उघडी. ओटीपाशी जाऊन “वहिनी, आहात का घरात?” अशी हाक मारली की पाण्याचा तांब्या आधी पुढे येतो, चौकशी नंतर. वेळ विचारावी तर उत्तर ठरलेलं: “या ना कधीतरी, घर आपलंच आहे.” कोकणातली बाई तोंडावर नाही म्हणत नाही. त्या गोड बोलण्यावर विसंबून बॅग घेऊन निघालेली विक्रेती कुलूप बघून परत येते. कधी घरात पाहुणे असतात, कधी घरची बाई गुडघाभर चिखलात लावणीला गेलेली असते. या धंद्यात नव्याने पडणाऱ्या मुली कंटाळतात त्या मालामुळे नाही, अशा फुकट गेलेल्या दुपारींमुळे.

तसं पाहिलं तर वेळ ठरवून घरी येणारा विक्रेता आपल्याला नवा नाही. लग्नघरी चुडा भरायला कासाराला आधी सांगावा जायचा, दिवस ठरायचा, आळीतल्या बायका जमायच्या. एकदा ठरलेल्या दिवशी कासार आला नाही, तर पुढच्या कार्याला दुसऱ्याला बोलावणं जायचं. महाराष्ट्रातला प्रसाधनांचा एक मोठा व्यवसायही दारोदारच उभा राहिला. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको सुरू केली, तेव्हा त्यांचं आयुर्वेदिक दंतमंजन त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी घरोघर फिरून विकलं. घरोघर पोचलेली हळदीची क्रीम ही त्याच कंपनीची, पुढच्या काळातली.

अमेरिकेत या धंद्याच्या दोन तऱ्हा दिसतात, आणि त्यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. डेव्हिड मॅक्‌कॉनेल नावाचा पुस्तकविक्रेता पुस्तकांबरोबर अत्तराच्या लहान बाटल्या फुकट द्यायचा. बायकांना पुस्तकांपेक्षा अत्तरच आवडतं हे बघून त्याने १८८६ मध्ये अत्तराची कंपनी काढली. पुढे तीच एव्हॉन झाली. तिची विक्रेती दारावरची घंटा वाजवायची. १९५४ पासूनच्या जाहिरातींत त्या घंटेचाच आवाज होता. दुसरी तऱ्हा मेरी के अ‍ॅश यांची. १३ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी पाच हजार डॉलरच्या पुंजीवर डॅलसमध्ये दुकान उघडलं. त्यांनी घंटेवर भरवसा ठेवला नाही. एखाद्या बाईने आपल्या घरी चार-पाच मैत्रिणी बोलवायच्या, दिवस आणि तास आधी ठरवायचा, विक्रेतीने तिथे चेहऱ्याची निगा शिकवायची आणि त्याच बैठकीत पुढच्या भेटीची वेळ नोंदवून उठायचं. एव्हॉन आपल्याकडे १९९६ मध्ये आली, त्याच्या आदल्या वर्षी ओरिफ्लेम, १९९८ मध्ये अ‍ॅम्वेचा कारभार सुरू झाला. तोवर शहरातल्या दारांना सुरक्षारक्षक आणि पीपहोल लागले होते. घंटेचे दिवस संपत आले होते.

महाडला पीपहोलचा त्रास नाही. इथे अडचण आहे ती पंचांगाची, पावसाची आणि एमआयडीसीच्या भोंग्याची.

भोंग्यापासून सुरुवात करू. बिरवाडीकडच्या आळ्यांतून किंवा महाडच्या नव्या वसाहतींतून ज्या घरातला माणूस कारखान्यात पाळीने जातो, त्या घराचं घड्याळ दर आठवड्याला बदलतं. पहिली पाळी असली तर दुपारी तो जेवायला घरी. रात्रपाळी असली तर दिवसभर तो झोपलेला, आणि घरात भांडं वाजलं तरी कटकट. अशा घरात फेशियलची बैठक जमवायची, तर “या आठवड्यात साहेबांची पाळी कोणती?” हा प्रश्न त्वचा कोरडी की तेलकट या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो. जाणत्या विक्रेत्या डायरीत नावापुढे पाळीही लिहितात. पुस्तकी प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही.

मग पाऊस. जुलै महिना लावणीचा. त्या दिवसांत गावातल्या बाईला चेहऱ्यासाठी तास काढ म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत कुठवर चढलं होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून नदीने इशारा पातळी गाठली की शहर सामान माळ्यावर चढवायला लागतं. त्या दिवशीची प्रत्येक अपॉइंटमेंट विक्रेतीने स्वतःहून, सकाळीच रद्द करावी आणि फोनवर “सामान वर घेतलंत ना?” एवढंच विचारावं. पोलादपूरच्या बाजूला आंबेनळी घाटात दरड आली किंवा वरंध घाट बंद असला, तर सगळ्या रस्त्याचं गणित चुकतं. त्यामुळे पावसाळ्यात पायी जाता येईल एवढ्याच टापूत वेळा घ्याव्यात. लांबची गावं दसऱ्यानंतर.

पंचांगाचं म्हणाल तर गौरी-गणपती आणि शिमगा या दोन वेळी मुंबईचे चाकरमानी गावी येतात. घर भरतं, पैसाही येतो. नवख्या विक्रेतीला वाटतं, हाच हंगाम. प्रत्यक्षात घरची सून त्या आठवड्यात चुलीपासून हलू शकत नाही. वेळ घ्यायची ती सणाच्या पंधरा दिवस आधी. महाडला महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराचा छबिना असतो. त्या दिवसांतही तेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळ पूजेची असते, तेव्हा दुपार चालेल, संध्याकाळ नाही.

आणि संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू. वीस-पंचवीस बायका एका घरात आयत्या जमलेल्या. मेरी के बाईंना हेवा वाटावा अशी सभा! पण वाण घ्यायला आलेल्या बाईच्या हातात किंमतपत्रक ठेवलं, तर यजमानीण पुढच्या वर्षी बोलवायची नाही. तिथे बॅग न उघडता फक्त वेळा ठरवून यावं, हे अधिक शहाणपणाचं. “सोमवारी तीनला जमेल की बुधवारी चारला?” असे दोनच पर्याय समोर ठेवले की “कधीतरी”ची पळवाट राहत नाही. सोमवार म्हटलं की तिथल्या तिथे, तिच्यासमोर डायरीत लिहावं. लिहिलेलं बघितलं की समोरचीही तो दिवस धरून चालते.

ठरलेली वेळ पाळली जावी म्हणून आदल्या संध्याकाळी आठवण करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पुरेल असं वाटतं, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर रेंज येते-जाते. संदेशापुढे एकच टिक दिसत असेल तर तो पोचलेला नाही. मग बचत गटाच्या अध्यक्षांना किंवा शेजारच्या दुकानात फोन करून निरोप द्यावा. एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्म्या दरात मिळतं, त्याने फेरीचा खर्च कमी झाला हे खरं. पण वेळ अर्ध्या दरात मिळत नाही. सकाळची गाडी चुकली की पुढची केव्हा, याचा भरवसा नाही. म्हणून एका गावातल्या दोन-तीन वेळा एकाच दिवशी लावणं हे या भागातलं साधं हिशेबीपण आहे.

गिऱ्हाइकाने दोनदा टाळलं तर? भांडू नये, टोमणा मारू नये, तिसरी वेळ तिलाच ठरवू द्यावी. तीही टळली तर नाव डायरीच्या मागच्या पानावर न्यावं. उलट विक्रेतीच वेळेवर पोचली नाही तर तिला तिसरी संधी क्वचितच मिळते. हा व्यवहार समान नाही आणि तो तसा असणंच बरोबर आहे. बाईने घरातली कामं उरकून, सासूला सांगून, मुलाला शिकवणीला धाडून तो तास मोकळा केलेला असतो.

दुसरी भेट पहिलीहून महत्त्वाची, आणि याचं कारण विक्रीपेक्षा त्वचेत आहे. नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडं लावून २४ ते ४८ तास बघायचं असतं. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तरच चेहऱ्याला. म्हणजे पहिल्याच बैठकीत तोंडभर क्रीम फासून पैसे घेऊन निघून जाणं हे नियमाला धरून असलं तरी शहाणपणाला धरून नाही. मेरी केच्या पठडीत दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी विचारपूस करायची पद्धत आहे. ती आपल्याकडेही लागू पडते: दोन दिवसांत जळजळ कळते, त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो, त्यामुळे दोन आठवड्यांनी काहीच फरक नाही म्हणणाऱ्या बाईला धीर धरायला सांगता येतं, आणि दोन महिन्यांत शंभर मिलिलिटरचं फेसवॉश संपत आलेलं असतं. नवरीच्या बाबतीत तर ही पहिली भेट लग्नाच्या दीड-दोन महिने आधीच हवी. हळदीच्या आठवड्यात नवं काही लावणं हा जुगार आहे.

निगा राखणारीला डॉक्टर होता येत नाही, हेही या भेटींत कळतं. कोकणातल्या दमट पावसाळ्यात गजकर्ण आणि नायटा घरोघरी. त्याच्यावर क्रीम विकणं चूक. वांग बघून “मुळापासून घालवते” म्हणणं त्याहून चूक, कारण कंपनीने मान्य न केलेला दावा विक्रेतीने करायचा नाही, असं तेच २०२१ चे नियम सांगतात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली होती. शोध घेतल्यावर धागा पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचला. ते क्रीम नामांकित कंपनीचं नव्हतं, पण ओळखीतून आलेलं होतं. डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती डबी ओळखीच्या बाईने आणली तरी उघडू नये.

अपॉइंटमेंटचा सर्वात वाईट गैरवापर मात्र वेगळाच आहे. “फेशियल फ्री आहे, या” म्हणून बोलवायचं आणि चेहरा पुसून होण्याआधी कागदावर गोल काढायला सुरुवात करायची: तुमच्या खाली तीन, त्यांच्या खाली नऊ. माणसं भरती करण्यावरच कमाई ठरत असेल तर ती पिरॅमिड योजना, आणि तिला थेट विक्रीच्या नियमांत बंदी आहे. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अशाच आरोपावरून अ‍ॅम्वे इंडियाच्या ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्तेवर टाच आणली. कंपनीने आपण तपासात सहकार्य करत असल्याचं म्हटलं. त्या खटल्याचं काय व्हायचं ते होवो. महाडसारख्या गावात अशी फसवी वेळ एकदाच घेता येते. चवदार तळ्यापासून दस्तुरी नाक्यापर्यंत बातमी पोचायला तास लागत नाही.

त्याच कारणाने डायरी जपावी. कुणाच्या चेहऱ्यावर केस येतात, कुणाला मुरुमांचे व्रण आहेत, कुणाकडे उधारी किती, हे सगळं त्यात असतं. ग्राहकाची माहिती सुरक्षित ठेवणं हीसुद्धा नियमाने विक्रेतीची जबाबदारी आहे. एका घरातलं दुसऱ्या घरी सांगणारी विक्रेती थोडे दिवस लोकप्रिय असते, मग कुणीच तिला आत घेत नाही.

शेवटी, श्रोतेहो, जिच्या घरी ती येते तिच्यासाठी दोन शब्द. आलेल्या बाईचं ओळखपत्र बघा, बिल मागून घ्या, माल परत करायची मुदत किती ते विचारा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि बेत बदलला, पाहुणे आले, अंगात बरं नसलं, तर ती पोलादपूरच्या स्टँडवर गाडीत चढायच्या आधी तिला एक फोन करा.