पटावर नसलेला राजा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



इतिहासाच्या सरांसमोर इतिहासावर बोलायचं म्हणजे धाडसच. म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकात नसलेला राजा निवडला आहे. त्याचं नाव इरी-होर. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे पिरॅमिडांच्याही आधीचा, इजिप्तचा राजा.

अबायडोस इथे सेती पहिला याच्या देवळात ७६ राजांची यादी भिंतीवर कोरलेली आहे. आपल्या हजेरीपटासारखीच. ती मेनेसपासून सुरू होते. इरी-होर तिच्यात नाही. गंमत म्हणजे त्याची कबर तिथून जवळच, उम्म अल-काबच्या वाळवंटात आहे. या नावाचा अर्थ 'मडक्यांची आई'. खापरांचे नुसते ढीग!

१९००च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्री यांना तिथल्या खापरांवर एक खूण सापडली: वर बहिरी ससाणा, खाली तोंड. ससाणा म्हणजे होरस देव. पण नंतरच्या राजांच्या नावाभोवती राजवाड्याची चौकट असते, ती इथे नव्हती. त्यामुळे हे राजाचं नाव नसून कोठारातल्या मालावरची खूण असावी, असंही काही अभ्यासक म्हणत. १९८०च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी ती जागा पुन्हा खणली. दोन दालनांची कबर नीट समोर आली आणि का, नारमेर या राजांच्या कबरींशी तिचं नातं जुळलं.

मग २०१२ मध्ये सिनाईच्या खडकावर, होडीच्या चित्रासोबत, हेच नाव मिळालं. शेजारी 'पांढऱ्या भिंती' हे शब्द, म्हणजे मेम्फिस शहराचं जुनं नाव. मेम्फिस पहिल्या राजाने वसवलं, असं हेरोडोटसने लिहून ठेवलं होतं. पण नारमेरच्याही आधी ते होतं, हे या पटाबाहेरच्या राजाने दाखवून दिलं.

हे आज सांगण्याचं कारण आहे. स्मरणिकेतली आपली नावांची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. सातवी-आठवीत शाळा सुटलेली मुलं तिच्यात नाहीत. कुणाला शेतावर जावं लागलं, कुणाचं लग्न झालं. तीही आपल्याच बाकांवर बसली होती. त्यांची खापरं तुमच्याकडे असतील: एखादा फोटो, वहीवरची सही, नुसती आठवण. स्मरणिका छपाईला जाण्याआधी ती नावं संपादकांना कळवा. मी तिघांची नावं आत्ताच लिहून देतो आहे.