घराची किल्ली कोणाकडे?



डहाणू-तलासरीकडच्या आपल्या वस्त्यांत कुलूपबंद जुनी घरं आहेत. वारस वाढले, कोणी मुंबईला गेलं, कोणी आखातात. अशा एखाद्या घरात वाचनालय आणि सांस्कृतिक केंद्र काढावं, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतात. मला हे पटतं. पण रंगरंगोटीआधी तीन घरांकडे पाहू या.

पहिलं मुंबईत, ग्रँट रोड स्टेशनजवळ. मणिभवन हे रेवाशंकर झवेरी यांचं घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथं उतरत. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीनं ते घेतलं. आज तिथं गांधीजींची खोली जपली आहेच, शिवाय ग्रंथालयही चालतं. नुसती आठवण जपून घर जिवंत राहत नाही. तिथं माणसांना काही काम लागतं.

दुसरं आपल्याच बोर्डीचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तिथं बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वंचित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. म्हणून ती ‘अंगणवाडी’. मोठा पाहुणा नव्हता, वाडा नव्हता. सारवलेलं अंगण पुरलं.

तिसरं वारली घर. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहितात त्या सुवासिनी. पुढं चित्र कागदावर आलं, गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान रास्तच. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घर घेताना सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, त्यात बहिणींच्याही सह्या हव्यात. आपल्याकडे बहिणीचा हिस्सा सगळे मान्य करतात आणि सहीच्या वेळी तिला ‘तू कशाला येतेस’ म्हणतात. मुलींसाठी आठवड्यातला एक वार राखून ठेवू नका. रोज संध्याकाळी दार उघडं ठेवा आणि एक किल्ली त्यांच्याकडे द्या. शेजारच्या पाड्यावरची मुलंही आत यायला हवीत, पाहुणी म्हणून नव्हे, सभासद म्हणून.

पुस्तकं जमतील, पंखेही बसतील. किल्लीचं मात्र आजच, इथंच ठरवू या.