हजेरीपटावरचे नाव



आम्हांस येथे बोलावताना आम्ही बोनसवर किंवा महागाईभत्त्यावर बोलू, अशी चालकांची अपेक्षा असावी. पण आज आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या एका सरकारी नोंदीविषयी. हा आमचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु २०२३-२४ साली अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. इतके दुसऱ्या कोणत्याही देशाचे नव्हते. त्यांत कामगारांचीही मुले आहेत. घर गहाण टाकून मुलाला पाठवलेला बाप कागदांची पिशवी घेऊन युनियनच्या कचेरीत येतो. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पण कागद वाचायला चळवळीने शिकवले आहे.

पहिला घोळ असतो तो व्हिसा या शब्दाचा. व्हिसा म्हणजे गेटपास. तो दाखवून आत जाता येते. आत गेल्यावर गेटपासची मुदत सरली, तरी तेवढ्याने कोणी बाहेर काढत नाही. आत टिकायचे ते हजेरीपटावरच्या नावावर. अमेरिकेतील हा हजेरीपट म्हणजे ‘सेव्हिस’. १९९३ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये स्फोट झाला. त्यातील एक आरोपी विद्यार्थी म्हणून देशात आलेला होता. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने अशा नोंदी ठेवण्याचे ठरले, २००१ च्या हल्ल्यानंतर त्या कामाला वेग आला आणि २००३ पासून ही पद्धत चालू झाली. विद्यापीठाचा एक अधिकारी तीत प्रत्येक मुलाची नोंद करतो.

ही नोंद मानाने संपू शकते: शिक्षण पुरे झाले, की संपते. अडचणीमुळे शिक्षण सोडायचे असेल, तर अधिकाऱ्याला आधी सांगून सोडणाऱ्याला देश सोडण्यास १५ दिवस मिळतात. न सांगता सोडणाऱ्याला एकही नाही. ती चुकीनेही संपते. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात १२ क्रेडिटचा अभ्यास घ्यायचा असतो. परवानगीवाचून तो कमी केला, तर नोंद बंद. सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. बाहेर चोरून काम केले, तर नोंद बंद. बिऱ्हाड बदलले, तर १० दिवसांत कळवावे लागते. चूक आपल्या हातची नसेल, चोरून काम केलेले नसेल, तर पाच महिन्यांच्या आत नोंद पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. नियम कडक आहेत; पण ते आधी सांगितलेले असतात. याबद्दल आमची तक्रार नाही. कारखान्यातही शिस्त लागतेच.

आमची तक्रार आहे ती २०२५ च्या वसंतातल्या प्रकाराबद्दल. सरकारी खात्याने विद्यार्थ्यांची नावे पोलिसांच्या गुन्हे-नोंदींशी ताडून पाहिली आणि हजारो मुलांच्या नोंदी परस्पर बंद केल्या. कोणाचा वाहतुकीचा किरकोळ गुन्हा होता, कोणाचा खटला केव्हाच निकालात निघाला होता. ना नोटीस, ना खुलासा. कित्येक विद्यापीठांनाही यंत्र उघडून पाहिले तेव्हा कळले. मुले न्यायालयात गेली. ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई-हुकूम दिले आणि २५ एप्रिल रोजी, नोंदी पूर्ववत करीत आहोत, असे सरकारने कोर्टात सांगितले. त्याआधी सरकारी वकिलांचा एक युक्तिवाद असा होता, की नोंद बंद झाली म्हणजे कायदेशीर दर्जा गेला, असे नव्हे!

मंडळी, हा युक्तिवाद आमच्या ओळखीचा आहे. “तुला कामावरून काढलेले नाही, फक्त मस्टरवर तुझे नाव नाही.” आपल्याकडे एका कामगाराला गेटवर अडवले आणि आठ दिवसांहून अधिक गैरहजर म्हणून स्थायी आदेशाच्या आधारे त्याचे नाव आपोआप कमी झाले, असे मालकाने सांगितले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पोटाचे साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि चौकशीवाचून, बाजू ऐकल्यावाचून नाव कापता येत नाही. तो कामगार निम्म्या मागील पगारासह परत कामावर आला. ‘आपोआप’ या शब्दाआड नेहमी कोणाचा तरी हात असतो, हे आम्ही तेव्हापासून सांगत आलो.

अमेरिकेचे कायदे अमेरिकेने करावेत. कोणाला राहू द्यावे, हेही तिने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच, की नाव कापण्यापूर्वी माणसाला बोलावून विचारा. आणि पालकांना सांगणे असे, की मुलाला प्रत्येक कागदाची नक्कल जपून ठेवायला सांगा, वरचेवर त्या अधिकाऱ्याकडे नोंदीची विचारपूस करायला सांगा. संकट आलेच, तर घाबरून विमानात बसण्याआधी वकील गाठायला आणि इतर मुलांना भेटायला सांगा. नोंदी परत आल्या त्या कोणी विनवण्या केल्या म्हणून नव्हे; मुले दाद मागायला उभी राहिली म्हणून.