कुत्रं-मांजर काही नाही ना?



सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं, की मालकाचे प्रश्न ठरलेले असतात. माणसं किती, नोकरी कुठं, पाहुण्यांची ये-जा फार का. आणि जिना उतरता उतरता शेवटचा प्रश्न, "कुत्रं-मांजर काही नाही ना ओ?" पुष्कळ जण "छे छे" म्हणून मोकळे होतात. मग चार दिवसांनी पिशवीतून मांजर वर जातं आणि मालक भाडं न्यायला आले की बाथरूममध्ये कोंडलं जातं. मांजर गप्प बसलं तर ठीक, पण ते कधी बसतं?

माझं सांगणं एवढंच, की "छे छे" म्हणू नका. मालक नाही म्हणतो ते नुसत्या हट्टानं नव्हे. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पेठेतल्या वाड्यात तीन बिऱ्हाडांत एक हौद. पाण्याच्या दिवशी घागरी, पिंपं, बादल्या भरून झाल्या, आणि त्याच हौदाशी कुणी कुत्र्याला साबण लावायला बसलं, तर भांडण होणारच. म्हणून बोलणीच तिथून सुरू करा. कुत्र्याची आंघोळ आमच्या पिंपातल्या पाण्यानं, अंगणातली घाण आम्ही उचलू, रेबीजची लस दरवर्षी, हा बघा दाखला. असं आधी सांगितलं, की नाही म्हणणारा मालकही जरा थांबतो.

आता कायदा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टमधूनही कुत्र्याला अडवता येत नाही, असं त्यात आहे. जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण सोसायटी वेगळी आणि घरमालक वेगळा. मालकाशी आपला करार असतो, आणि 'प्राणी पाळणार नाही' या अटीखाली सही केली असेल, तर मंडळाचा कागद दाखवून ती पुसली जात नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स संपल्यावर अडून बसलात, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं दुप्पट भाडं मोजावं लागतं. जुन्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूची गोष्ट निराळी. त्याला कुत्र्यावरून घराबाहेर काढायचं, तर कुत्र्याचा शेजाऱ्यांना उपद्रव होतो, हे मालकाला कोर्टात शाबीत करावं लागतं.

आणखी एक. करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं तो नोंदवलाच नसेल, तर अटी काय ठरल्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं उलट शाबीत होईपर्यंत खरं धरलं जातं. तोंडी दम देणाऱ्या मालकांनी भाडे नियंत्रण कायद्याचं हे कलम 55 एकदा वाचावं.

गंमत म्हणजे, कुत्र्याला मनाई करणाऱ्या मालकाच्याच गॅलरीत कधी कधी पिंजऱ्यात पोपट असतो. आपला देशी पोपट पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याला मालकाची परवानगीही उपयोगाची नाही.

सगळ्यात वाईट घडतं ते घर बदलताना. सामान टेम्पोत चढतं आणि कुत्रं फाटकाशी राहतं. असं उपासमारीवर सोडून जाणं प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. त्या काळी तो दंड असेल, आज तेवढ्यात दोघांचा नाश्ताही होत नाही.

तेव्हा मालक राजी झाला, की ते करारात लिहून घ्या. कुत्रं की मांजर, किती, लसीचा दाखला, नुकसान झालं तर डिपॉझिटमधून किती कापायचं, सगळं. 'पाळीव प्राणी चालतील' असं मोघम लिहू नका. मालकही ते लिहू देणार नाही, कारण सोलापुरात बोकडही पाळीवच.