पगार परदेशचा, पाऊल कोणत्या भूमीवर?



कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबे आणि त्याची मनीऑर्डर गावी येई. जेथे काम तेथे माणूस. घरी यायचे ते पैसे. आज पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत हा क्रम उलटला आहे. मुलगा कोथरूडच्या खोलीत संगणकापुढे बसतो, मालक अमेरिकेत असतो आणि पगार येथल्या बँकेत जमा होतो. पण हाच मुलगा उद्या म्हणाला, 'काम हेच, मालक हाच. राहावयास मात्र लिस्बनला जातो', तर त्याने कोणता व्हिसा मागावा? आज आम्ही एवढाच प्रश्न आपणांपुढे मांडणार आहोत.

पुष्कळांना वाटते, तेथल्या कोणाची नोकरी आपण हिरावून घेत नाही; मग प्रवाशाच्या व्हिसावर जाऊन काम केले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे की, पुष्कळ देशांचा कायदा पगार कोठून निघतो हे पाहत नाही. काम करणारा माणूस कोठे बसला आहे हे पाहतो. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ पासून प्रवाशांना अशा कामाची मुभा दिली; पण अशी मुभा सर्वत्र आहे असे समजून चालू नये. बरे, नेहमीचा कामाचा व्हिसा मागावा, तर त्याला बहुधा त्या देशातलाच मालक लागतो. अमेरिकन कंपनीची पोर्तुगालात शाखाच नसेल, तर या मुलासाठी उभे कोणी राहावे?

ही अडचण ओळखून एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी निराळा व्हिसा काढला. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये तसेच केले. तेथे मिळकत किमान वेतनाच्या चौपट लागते. स्पेनचा व्हिसा २०२३ मध्ये सुरू झाला. तेथे मिळकत दुप्पट पुरते. परंतु कंपनी निदान एक वर्ष चालू असावी आणि अर्जदाराचा तिच्याशी तीन महिन्यांचा संबंध असावा, अशी अट आहे. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांची परवानगी काढली. पण ती व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांना. आपल्या पासपोर्टाला ती माफी नाही, म्हणून वर्षाला एक कोटी येन मिळविणाऱ्या भारतीयालाही ते दार बंदच.

पण खरी मेख पैशांत नाही, नेमणुकीच्या कागदात आहे. परदेशी कंपनीसाठी घरून राबणारे आपले कितीतरी तरुण स्वतःला नोकर समजतात. करारात मात्र त्यांना कंत्राटदार म्हटलेले असते. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजेचा हक्क नाही. पगार वेळेवर येतो तोवर हे कोणी वाचीत नाही. स्पेनच्या वकिलातीत मात्र पहिलाच प्रश्न निघतो: तुम्ही नोकर की कंत्राटदार? नोकर असाल, तर तुमच्या सामाजिक विम्याची सोय कंपनीने केली असल्याचा पुरावा द्या. कंत्राटदार असाल, तर तेथे स्वयंरोजगारी म्हणून नाव नोंदवा आणि विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरा. म्हणजे मालकाने टाळलेला बोजा शेवटी मुलाच्याच डोक्यावर!

कराचेही असेच. स्पेनमध्ये वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथला करदाता ठरतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आपल्या देशाशी आहे. पण कराराचा लाभ मागावा लागतो, तो आपोआप पदरी पडत नाही.

म्हणून तरुणांना आणि त्यांच्या आईबापांना आमचे सांगणे असे की, व्हिसाचा विचार विमानाच्या तिकिटापासून नव्हे, नेमणुकीच्या पत्रापासून सुरू करावा. आपण कोणाचे नोकर, विमा कोण भरणार, दुसऱ्या देशातून काम करण्यास मालकाची लेखी संमती आहे काय, ही तीन उत्तरे सही करण्यापूर्वी मागून घ्यावीत. नव्या व्हिसाने परदेशी राहावयास जागा मिळते. श्रमाला हक्क मिळत नाहीत. ते गिरणी कामगारांनाही मागून आणि झगडूनच मिळवावे लागले होते. घरात एकट्याने बसून काम करणाऱ्याला शेजारी कामगार दिसत नाही, म्हणून मागण्याची गरज संपली असे मात्र नव्हे.